टायग्रिसचा कप्तान : चार्ल्स कौली

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात पहिल्या महायुद्धावर दीड-दोन पाने असतात. त्यांत फ्रान्समधील खंदक येतात, जर्मनीचा पराभव येतो, व्हर्सायचा तह येतो. आज ज्याला आपण इराक म्हणतो, त्या मेसोपोटेमियात काय घडले, यासाठी त्या पानांत एखादी ओळही उरत नाही. बेळगावच्या मुलांना मात्र ती ओळ ठाऊक असायला हवी, असे आम्हाला वाटते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आपल्या गावात आहे. या रेजिमेंटच्या पूर्वीच्या तीन पलटणी १९१६ साली त्या देशात वेढ्यात अडकून उपाशी राहिल्या होत्या. त्यांच्यापर्यंत पीठ पोहोचवण्यासाठी नदीतून निघालेल्या एका जहाजाची आणि त्याच्या वाटाड्या कप्तानाची ही माहिती आहे. त्याचे नाव चार्ल्स हेन्री कौली. ब्रिटिश सैन्यातील सर्वोच्च शौर्यपदक, व्हिक्टोरिया क्रॉस, त्याला मरणोत्तर मिळाले.

नदीवर वाढलेला माणूस

आरमारी अधिकारी म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर खोल समुद्र आणि मोठ्या युद्धनौका येतात. कौलीची कारकीर्द मात्र घडली नदीवर. त्याचा जन्म २१ फेब्रुवारी १८७२ रोजी बगदादमध्ये झाला. वडील टायग्रिस नदीवर प्रवासी आणि मालवाहू आगबोटी चालवणाऱ्या इंग्रजी कंपनीत कप्तान होते. व्यवहारात ही कंपनी 'लिंच कंपनी' म्हणून ओळखली जाई. कौलीचे शिक्षण इंग्लंडमध्ये लिव्हरपूलला झाले. जहाजावरचे काम शिकून तो बगदादला परतला आणि वडिलांच्याच कंपनीत रुजू झाला. पुढची वीस वर्षे बसरा ते बगदाद आणि बगदाद ते बसरा हीच त्याची वाट होती. 'मेजिदिया' नावाची आगबोट त्याच्या हाताखाली होती.

या नदीचा स्वभाव समजून घेतल्याशिवाय पुढची हकिगत नीट कळणार नाही. टायग्रिस सपाट मुलखातून वाहते, त्यामुळे ती सतत वळणे घेते. उन्हाळ्यात पाणी इतके उतरते की मोठी जहाजे गाळात रुततात. वसंतात डोंगरावरचे बर्फ वितळले की तीच नदी काठ ओलांडून आसपासचा प्रदेश बुडवते. वाळूचे दांडे दरवर्षी जागा बदलतात. नकाशा पाहून ही नदी पार करता येत नाही. पाण्याचा रंग आणि ओढ पाहूनच खोली ओळखावी लागते. त्या काळी बसऱ्याहून बगदादला जायला चांगले रस्ते नव्हते, सलग रेल्वेही नव्हती. जे काही जायचे ते नदीनेच, आणि हे अंतर सुमारे आठशे किलोमीटर! म्हणून युद्ध सुरू झाले तेव्हा कौलीसारखा माणूस सैन्याला तोफेइतकाच मोलाचा ठरला. त्याला आरमाराच्या स्वयंसेवक राखीव दलात अधिकारी म्हणून घेण्यात आले आणि तो लेफ्टनंट कमांडर झाला. त्याची 'मेजिदिया'ही लष्कराच्या कामाला लागली.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. बगदाद तेव्हा तुर्की साम्राज्यात होते. त्यामुळे तेथे जन्मलेल्या कौलीला तुर्क आपलाच प्रजाजन समजत. शत्रूच्या बाजूने लढणारा आपला प्रजाजन म्हणजे त्यांच्या लेखी फितूरच. ते त्याला 'चाचा' म्हणत. आपण पकडले गेलो तर इतर युद्धकैद्यांसारखी वागणूक मिळणार नाही, हे कौलीला पक्के ठाऊक होते.

मुंबईहून कूतपर्यंत

ऑक्टोबर १९१४ मध्ये मुंबई बंदरातून एक फौज इराणच्या आखाताकडे रवाना झाली. इराणमधील तेलाच्या साठ्यांचे आणि ब्रिटिश हितसंबंधांचे रक्षण करणे, हे तिचे काम होते. पुढे तिचा विस्तार होऊन सबंध सहावी, म्हणजे पुणे डिव्हिजन तेथे उतरली. या डिव्हिजनमध्ये १०३वी, ११०वी आणि ११७वी मराठा या पलटणी होत्या. कोकण आणि दख्खनच्या खेड्यांतील शेतकऱ्यांची ही मुले होती.

नोव्हेंबर १९१४ मध्ये बसरा पडले, जून १९१५ मध्ये अमारा पडले, सप्टेंबरअखेर कूतही हाती आले. विजय एवढे भराभर मिळाले की वरिष्ठांना बगदाद दिसू लागले. पण फौज जसजशी नदीने वर जात होती, तसतशी मागून रसद आणणारी वाट लांबत होती, आणि त्या वाटेवर धावणारी जहाजे अपुरी होती. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉन येथे मोठी लढाई झाली. हजारो माणसे कामी आली किंवा जखमी झाली आणि जनरल टाउनशेंड यांना माघार घ्यावी लागली. ३ डिसेंबरला थकलेली फौज कूतला पोहोचली आणि काही दिवसांतच तुर्कांनी तिला वेढले. कूत गाव टायग्रिसच्या एका मोठ्या वळणात वसलेले आहे. तीन बाजूंना नदी आणि चौथ्या बाजूला शत्रूचे खंदक, अशी स्थिती झाली.

टेसिफॉनच्या जखमींचे हाल या मोहिमेतला काळा अध्याय आहे. 'मेजिदिया' आणि तिला जोडलेले तराफे जखमींनी खच्चून भरून बसऱ्याला आणावे लागले. जागा नव्हती, पुरेसे डॉक्टर नव्हते, साधे अंथरूणही नव्हते. बसऱ्याला पोहोचलेल्या या जहाजाची अवस्था पाहून एका डॉक्टर अधिकाऱ्याने उघड तक्रार केली. त्याबद्दल वरिष्ठांनी त्यालाच दटावले. पण पुढे चौकशी झाली तेव्हा त्याचीच साक्ष सर्वांत महत्त्वाची ठरली.

तार आणि कुऱ्हाड

कौलीच्या अखेरच्या प्रवासाकडे वळण्याआधी याच नदीवरील आणखी एका अधिकाऱ्याची ओळख करून घेऊ. लेफ्टनंट कमांडर एडगर कुक्सन हा नियमित आरमारातला होता. मे १९१५ मध्ये एका अरुंद खाडीत टेहळणी करताना बोरूच्या बेटातून त्याच्या नौकेवर गोळीबार झाला. तो जबर जखमी झाला. पण जखम बांधून पुन्हा उभा राहिला आणि नौका सुखरूप बाहेर काढली. त्याबद्दल त्याला डी. एस. ओ. हे पदक मिळाले.

२८ सप्टेंबर १९१५ च्या रात्री, कूतच्या अलीकडे, तुर्कांनी नदीत होड्या आडव्या लावून त्या पोलादी तारांनी जखडल्या होत्या. तोफा डागूनही तो अडथळा फुटेना. तेव्हा कुक्सनने आपली 'कॉमेट' ही नौका त्या होडीला भिडवली आणि कुऱ्हाड घेऊन स्वतः तार तोडायला उडी घेतली. दोन्ही काठांवरून गोळ्यांचा वर्षाव होत होता. काही मिनिटांतच तो मरण पावला. त्याचे वय ३१ होते. त्यालाही मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. नदीत आडवी लावलेली पोलादी तार विसरू नका. सात महिन्यांनी ती आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

कूतमधील भूक

कूत सोडवण्यासाठी जानेवारी ते एप्रिल १९१६ या काळात बसऱ्याकडून पुनःपुन्हा चढाया झाल्या. चिखल, पूर आणि तुर्कांचे खंदक यांपुढे त्या सर्व फसल्या. वेढ्यातल्यांची सुटका करण्याच्या या प्रयत्नांत सुमारे तेवीस हजार सैनिक मारले गेले किंवा जखमी झाले. आत जेवढे सैनिक अडकले होते त्यांच्यापेक्षा हा आकडा मोठा आहे!

आत शिधा रोज कमी होत गेला. शेवटी रोजचे पीठ काही औंसांवर आले. घोडे आणि खेचरे कापून त्यांचे मांस वाटले जाऊ लागले. पण हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी ते कित्येक आठवडे नाकारले. हा हट्टीपणा होता असे समजू नका. गावी परतल्यावर आपल्याला पंगतीत कोणी बसू देणार नाही, मुलाबाळांची लग्ने जमणार नाहीत, ही भीती त्यामागे होती. हिंदुस्थानातील धर्मगुरूंकडून परवानगीचे संदेश मागवण्यात आले. एप्रिलमध्ये नाइलाज झाला तेव्हा अनेकांनी ते खाल्ले. पण तोवर अशक्तपणा आणि स्कर्व्ही यांनी बरीच माणसे अंथरुणाला खिळली होती. ताज्या भाज्या आणि फळे यांतून मिळणारे जीवनसत्त्व क न मिळाल्याने हा रोग होतो, हे विज्ञानाच्या तासाला तुम्ही शिकलाच आहात.

एप्रिलच्या मध्यापासून विमानांतून पिठाची पोती टाकण्याचा प्रयत्न झाला. वेढ्यातील फौजेला विमानांतून अन्न पुरवण्याचा जगातील हा पहिलाच मोठा प्रयोग मानला जातो. पण त्या काळची विमाने ती केवढी! दोन आठवड्यांत जे अन्न पडले ते सारे मिळून दहा टनही भरले नाही, आणि त्यातलेही काही नदीत किंवा शत्रूकडे गेले.

'जुलनार'ची रात्र

आता एकच मार्ग उरला होता. 'जुलनार' ही नदीवरची वेगवान आगबोट निवडण्यात आली. तिचे लाकूडकाम काढून टाकले, कडेने पोलादी पत्रे लावले आणि तिच्यावर २७० टन सामान चढवले. तुर्कांच्या दोन्ही काठांवरील ठाण्यांमधून, पुराच्या प्रवाहाविरुद्ध, रात्रीत कूत गाठायचे होते.

या २७० टनांचा हिशेब आपणच करून पाहू. ब्रिटिश टन म्हणजे सुमारे १,०१६ किलो. म्हणजे एकूण सामान झाले सुमारे २ लाख ७४ हजार किलो. आतल्या फौजेत नोकरचाकर धरून साधारण तेरा हजार माणसे होती असे मानले, तर माणशी एकवीस किलो येतात. रोज सातशे ग्रॅम दिले तर बरोबर तीस दिवस. म्हणजे एक जहाज पोहोचले असते, तर तेरा हजार माणसांना आणखी एक महिना मिळाला असता. एवढ्या एका आकड्यासाठी 'जुलनार' निघाली.

प्रमुख होता नियमित आरमारातील लेफ्टनंट हम्फ्री फर्मन, वय २९. त्याचा सहायक आणि नदीचा वाटाड्या म्हणून कौली, वय ४४. कौलीचा हुद्दा फर्मनपेक्षा वरचा होता आणि नदीचा अनुभव तर कित्येक पटींनी अधिक. तरी तो दुय्यम म्हणून गेला. जहाजावर तीन अधिकारी आणि बारा खलाशी होते. सर्व स्वेच्छेने आलेले, आणि परतीची आशा फारच थोडी आहे हे सर्वांना माहीत होते. कौलीला तर ते दुप्पट ठाऊक होते.

२४ एप्रिल १९१६ रोजी रात्री आठ वाजता 'जुलनार'ने फलाहिया सोडले. शत्रूचे लक्ष दुसरीकडे वेधावे म्हणून ब्रिटिशांच्या सर्व तोफा आणि मशीनगन एकाच वेळी धडधडू लागल्या. तरीही जहाज दिसलेच. दोन्ही काठांवरून गोळ्या सुरू झाल्या. पुढे तोफेच्या माऱ्यात फर्मन ठार झाला. कौली जखमी झाला होता, तरी त्याने सूत्रे हाती घेतली आणि जहाज पुढे काढले. मध्यरात्रीच्या सुमारास मगासीस येथे, नदीमार्गे कूत जेमतेम साडेतेरा किलोमीटर उरले असताना, नदीत आडव्या लावलेल्या पोलादी तारांत जहाज अडकले आणि काठाला लागले.

कूतमध्ये माणसे जागी होती. मध्यरात्री मगासीसच्या दिशेने गोळीबाराचा मोठा आवाज आला आणि एकाएकी थांबला. रात्री एक वाजता टाउनशेंड यांनी तारायंत्राने कळवले, की जहाज आलेले नाही. दिवस उजाडल्यावर विमानातून पाहिले तेव्हा 'जुलनार' तुर्कांच्या ताब्यात होती.

जिवंत राहिलेल्या खलाशांना कैद झाली. कौलीला त्यांच्यापासून वेगळे नेण्यात आले. तो मरण पावला असे तुर्कांनी कळवले. त्याला पकडल्यानंतर गोळी घातली गेली असावी, असेच पुढे सर्वत्र मानले गेले. ३१ जानेवारी १९१७ रोजी फर्मन आणि कौली या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. वाचलेल्या साथीदारांनाही पुढे शौर्यपदके मिळाली.

नंतर काय झाले?

'जुलनार' अडकल्यानंतर पाचव्या दिवशी, २९ एप्रिल १९१६ रोजी कूतने शरणागती पत्करली. तत्पूर्वी ब्रिटिशांनी सुटकेसाठी तुर्कांना दहा लाख आणि मग वीस लाख पौंड देऊ केले होते. ते नाकारले गेले. तुर्कांसाठी हा मोठा विजय होता. त्यांचे सेनापती हलील पाशा यांनी पुढे 'कूत' हेच आडनाव घेतले. एकाच घटनेला एका देशात पराभव आणि दुसऱ्या देशात अभिमानाचा दिवस म्हणतात, हे इतिहास शिकताना नेहमी लक्षात ठेवावे.

आधीच उपासमारीने खंगलेल्या कैद्यांना वाळवंटातून शेकडो किलोमीटर चालवत नेण्यात आले. कितीतरी हिंदी शिपाई रस-अल-ऐनजवळ रेल्वेच्या कामावर राबले. हजारो परत आलेच नाहीत. इंग्लंडमध्ये चौकशी आयोग नेमला गेला. त्याच्या १९१७ च्या अहवालात अपुरी जहाजे, अपुरी औषधे आणि लांबून हुकूम सोडणारे वरिष्ठ यांच्यावर कडक ठपका आला. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला.

१९२२ साली मराठा पलटणी एका रेजिमेंटमध्ये एकत्र आल्या. तिलाच पुढे आपण मराठा लाइट इन्फन्ट्री म्हणून ओळखू लागलो. कूतच्या बचावाचा युद्धसन्मान या रेजिमेंटच्या वारशाचा भाग आहे.

या धड्यातून आपण काय घ्यावे?

कौली शूर होता हे सांगायला आमची गरज नाही. ते पदकानेच सांगितले आहे. आम्हाला दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट : शौर्य हे तयारीची जागा भरून काढू शकत नाही. आधी पुरेशी जहाजे दिली असती, फौज आवाक्याबाहेर पुढे ढकलली नसती, तर 'जुलनार'ला त्या रात्री निघावेच लागले नसते. वरच्यांनी केलेल्या चुकीच्या हिशेबाची किंमत खालच्यांनी प्राण देऊन चुकवली. शाळा असो, संस्था असो की देश, ज्यांच्या हाती निर्णय असतो त्यांनी हे ध्यानात ठेवणे बरे.

दुसरी गोष्ट अधिक जवळची आहे. बसऱ्याच्या युद्धस्मारकावर कौलीचे आणि फर्मनचे नाव कोरलेले आहे. ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत अशा चाळीस हजारांहून अधिक माणसांचे ते स्मारक आहे, आणि त्यांत फार मोठी संख्या हिंदी शिपायांची आहे. पण दगडावर त्या शिपायांची नावे कोरली गेली नाहीत. पलटणीचे नाव आणि पुढे फक्त आकडा! ज्यांच्यासाठी पीठ घेऊन कौली निघाला, ते स्वतः दगडावर संख्या होऊन राहिले. अशी स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली या भेदभावाची जाहीर कबुली देऊन माफी मागितली. त्यांच्या नोंदवह्यांत यांतील कितीतरी नावे आहेत. ती आता शोधता येतात.

आपल्या भागातील खेड्यांतही अशा पाट्या आढळतात : या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. तेथेही आकडाच. ते आकडे ज्यांच्या घरातले होते, ती घरे अजून आहेत. कोणाच्या पणजोबांचा फोटो भिंतीवर असेल, कोणाच्या ट्रंकेत एखादे पदक किंवा पेन्शनचा कागद असेल. ते लोक साम्राज्याच्या लढाईत लढले, स्वतःच्या देशाच्या नाही, हे खरे. पण म्हणून ते आपले नव्हते असे होत नाही.

स्वाध्याय

१. इराकच्या नकाशात बसरा, अमारा, कूत आणि बगदाद दाखवा. टायग्रिस आणि युफ्रेटिस कोठे मिळतात ते शोधा.

२. विमानांतून दोन आठवड्यांत टाकलेले अन्न दहा टन धरा. 'जुलनार'वरील सामान त्याच्या किती पट होते? माणशी हिशेब करा.

३. नदीची माहिती असणारा माणूस आणि तोफ, यांपैकी या मोहिमेत अधिक गरज कशाची होती? आठ-दहा ओळींत कारणे लिहा.

४. घरच्या थोरांना विचारा : आपल्या घरातून किंवा गावातून कोणी पहिल्या महायुद्धात गेले होते का? गावात पाटी असेल तर तिच्यावरचा मजकूर जसाच्या तसा उतरवून आणा.

५. पालकांसाठी : घरात जुनी पदके, पत्रे, फोटो असतील तर ते टाकून देऊ नयेत. मागे पेन्सिलीने नाव, गाव आणि पलटण लिहून ठेवावी. वर्गात मुलांनी आणलेल्या प्रत्येक नावाची नोंद इतिहासाच्या वहीत केली जाईल. शंभर वर्षांपूर्वी दगडावर जी नावे राहून गेली, त्यांतली चार जरी आपल्या मुलांच्या अक्षरात उतरली, तरी हा पाठ शिकवल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.